शेवटच्या डब्याचा माणूस

जुन्या गाडीचा ब्रेक दोन तऱ्हांनी रुसतो. एक म्हणजे पॅडल मऊ पडतं. पाय ठेवला की आत जातं, आणखी आत जातं आणि आपण कुलदैवताचं नाव घेईपर्यंत थेट खाली टेकतं. हा रुसवा सगळ्यांना कळतो. ब्रेक ऑईल कमी झालेलं असतं, नाहीतर नळ्यांत हवा शिरलेली असते. गॅरेजमधला एक पोरगा चाकाशी आडवा होतो, दुसरा सीटवर बसून पॅडल मारतो, ‘मार, मार, धर, सोड’ असा गजर चालतो आणि चहा यायच्या आत एअर निघालेली असते.

दुसरा रुसवा याच्या उलट. पॅडल दगड होतं. पाय ठेवला की ते जागचं हलत नाही. रेटलं तर गाडी थांबते, पण आपल्या सोयीनं, आणि बहुधा पुढच्या रिक्षाच्या मागे लिहिलेला मजकूर अगदी बारीक अक्षरांसकट वाचता येईल इतक्या अंतरावर. हा रुसवा फसवा असतो, कारण कडक म्हणजे मजबूत अशी आपली समजूत. शिवाय तो एका रात्रीत येत नाही. रोज तोळा-तोळा वाढतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं की आपल्याच पायातली ताकद कमी होत चालली आहे. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी आधी गुडघ्याचा एक्स-रे काढला, मग गाडी दाखवली. एक्स-रे नॉर्मल होता.

आमची झेन १९९८ सालची, कार्बोरेटरवाली. हे मॉडेल १९९३ मध्ये आलं आणि २००६ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता ती रस्त्यावर दिसली की वयस्कर लोक हसून बघतात आणि तरुण लोक हॉर्न वाजवतात. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, वर पर्यावरण कर. एवढे भरून जिला ठेवून घेतली तिचा ब्रेक कडक झाला तर तो काढायलाच हवा, हा साधा हिशोब.

आता ब्रेक म्हटलं की जगातला प्रत्येक माणूस चाकाकडे धावतो. गाडी चाकापाशी थांबते, तेव्हा बिघाडही तिथेच असणार, असं त्याचं म्हणणं. आमच्या गाडीचे आधी पुढचे डिस्क पॅड बदलले. मग मागचे लायनर. मग मास्टर सिलिंडरची किट. प्रत्येक वेळी एअर निघाली ती वेगळीच. ब्रेकचा एकूण एक भाग नवा झाला, पॅडल तेवढं जुन्याच निश्चयानं कडक राहिलं. याच काळात सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायला लागली होती, इंजिन मिसिंग मारायचं, कधी बंदही पडायचं. ही तक्रार ब्रेकशी संबंधित नाही असं सर्वानुमते ठरलं होतं. तिच्यासाठी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा पिळून रनिंग वाढवण्यात आलं होतं. दोन तक्रारी, दोन बिलं.

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरच्या मागे, भिंतीला लागून एक काळा पत्र्याचा गोल डबा दिसतो. तो ब्रेक बुस्टर. १९२७ साली आल्बेर दवांद्र नावाच्या बेल्जियन अभियंत्यानं काढलेली ही युक्ती, आणि गेली शंभरेक वर्षं ती मुळात फारशी बदललेली नाही. डब्याच्या आत एक रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम. पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा त्याच्या मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. त्या ओढीनं एका पाईपमधून डब्यातली हवाही काढून घेतली जाते, पडद्याच्या दोन्ही बाजूंची. मग डब्यात फारसं काही उरत नाही आणि पडदा स्वस्थ असतो. आपण पॅडलवर पाय ठेवला की एक छोटी झडप उघडते आणि पायाच्या बाजूनं बाहेरची हवा आत घुसते. एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला पोकळी. पडदा पुढे ढकलला जातो आणि आपल्या पायाबरोबर मास्टर सिलिंडर दाबू लागतो.

किती जोरानं, हे मी कागदावर मांडून पाहिलं. पडदा अठरा सेंटीमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ अडीचशे चौरस सेंटीमीटर. चांगल्या इंजिनची पोकळी पाऱ्याच्या पन्नास सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोच्या थोडा आत दाब. गुणाकार जातो एकशे सत्तर किलोवर. पोटभर जेवलेली अडीच माणसं पॅडलवर आपल्यासोबत उभी असतात, त्यांना पगार नाही, पेट्रोलचा खर्च नाही. ती रजेवर गेली की पॅडल दगड होतं. पॅडलमध्ये दगड आलेला नसतो. तो आधीपासूनच तिथे होता, आपल्याला एकट्यानं उचलायची वेळ आलेली नसते एवढंच.

डिझेल गाड्यांची कथा निराळी. डिझेल इंजिनाला हवेचा गळा आवळणारी थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे ही आयती पोकळी मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या कित्येक डिझेल गाड्यांत तो ऑल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. म्हणून ब्रेक लागत नाही अशी तक्रार घेऊन माणूस वायरमनकडे जातो, आणि वायरमन तो बरोबर दुरुस्त करून देतो. हे ऐकणाऱ्याला पटत नाही, पण आहे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त रेल्वे गार्ड राहतात. कल्याणमध्ये दर सोसायटीत एक असतोच. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणतात. २०२२ मध्ये रेल्वेनं गार्ड या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मॅनेजर बँकेत असतो.” त्यांची नोकरी दोन्ही घाटांत गेली, कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या. दोन्हीकडे चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीला मागून बँकर इंजिनं लावून वर ढकलायची आणि खाली येताना देवावर नाही, ब्रेकवर भरवसा ठेवायचा. संध्याकाळी मी बॉनेट उघडून उभा होतो, तेव्हा ते फिरायला निघाले होते.

“काय झालं?”

“व्हॅक्यूम जातंय म्हणतात, गार्डसाहेब. म्हणून ब्रेक लागत नाही.”

ते थांबले. माझ्याकडे, मग गाडीकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. “व्हॅक्यूम गेलं म्हणून ब्रेक लागत *नाही*?”

“हो.”

“अहो, व्हॅक्यूम गेलं तर ब्रेक लागतो!”

यावर आमचं बराच वेळ चाललं. त्यांचंही खरं होतं. भारतीय रेल्वेच्या गाड्या शंभराहून अधिक वर्षं व्हॅक्यूम ब्रेकवर धावल्या. एअर ब्रेकचा जोर ऐंशीच्या दशकानंतरचा. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत एक सलग पाईप, दर दोन डब्यांमध्ये रबरी होज पाईपनं जोडलेला. त्यात पोकळी असेल तोवर ब्रेक सुटलेले. पाईपमध्ये हवा शिरली की डब्याखालच्या सिलिंडरमधला दट्ट्या वर उचलला जातो आणि ब्रेक आवळतात. साखळी ओढली की नेमकं हेच होतं: एक झडप उघडते, पाईपमध्ये हवा शिरते. गाडी तुटून दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकडे आपापले थांबतात. उत्तरेकडे तर घराजवळ उतरायचं असलेले प्रवासी होज पाईपच सोडवून टाकत आणि गाडीला आपल्या गावात स्टेशन देत.

“आणि तुमच्या या गाडीत,” गार्डसाहेब म्हणाले, “पोकळी गेली की ब्रेकही गेला? हे डोकं कोणाचं?”

मी दवांद्रसाहेबांची बाजू मांडायचा प्रयत्न केला. ब्रेक जात नाही, मदत जाते. पायात जोर असेल तर गाडी थांबतेच. शिवाय पाईपमध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी बुस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरती पोकळी शिल्लक राहते.

“दोन-तीन,” ते म्हणाले, आणि हा आकडा कसाऱ्याच्या घाटात उभा करून पाहिल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. हे आमचे नेहमीचे, मान खाली घालून काम करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. गार्डसाहेब आधीच खुर्ची टाकून बसले होते. मला वाटलं होतं आता वाद होईल, पण तसं काही झालं नाही. दोघं एकाच पेशाचे आहेत हे त्यांना माझ्या आधी समजलं.

बुस्टर तपासण्याच्या चाचण्या साध्या असतात. त्याला ना यंत्र लागतं, ना कॉम्प्युटर. पाय आणि थोडा धीर लागतो. पहिली अशी: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे आतली शिल्लक पोकळी संपते आणि पॅडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करायचं. बुस्टर ठीक असेल तर पॅडल पायाखाली किंचित खाली बसतं. पहिल्यांदा अनुभवणारा दचकतो. आमचं पॅडल बसलं, पण उशिरा आणि नाइलाजानं.

दुसरी चाचणी स्मरणशक्तीची. इंजिन एक-दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबायचं आणि मग पॅडल दाबायचं. पहिला दाब हलका गेला पाहिजे, दुसरा थोडा जड, तिसरा आणखी जड. आमचा पहिलाच दाब दगडावर. म्हणजे इंजिन बंद होताच बुस्टरमधली सगळी पोकळी पळून गेली होती. ज्या कोणाला तिला अडवायचं होतं, त्यानं अडवलं नव्हतं.

मिस्त्रींनी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढला आणि तोंडाला लावला. त्यावर बाण असतो, इंजिनाच्या दिशेनं. त्या बाजूला फुंकर जायला हवी, उलट्या बाजूनं नाही. त्यांनी फुंकलं, ओढलं, तोंड वाकडं केलं. व्हॉल्व्ह निर्दोष. मग तो परत बसवून इंजिन सुरू केलं आणि व्हॉल्व्हच्या पुढे, बुस्टरकडे जाणारा पाईप फडक्यात गुंडाळून पकडीनं आवळला. थरथरणारं इंजिन एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं. रनिंग वाढलंसुद्धा. पकड सोडली की पुन्हा थरथर.

म्हणजे दोन तक्रारी नव्हत्याच. शहाळ्यात घातलेल्या नळीला वरच पीळ पडून चीर गेली तर आपण कितीही ओढलं तरी पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसं हे इंजिन नको तिथून हवा ओढत होतं. त्या हवेला कार्बोरेटरनं पेट्रोल जोडलेलं नव्हतं, म्हणून मिश्रण पातळ, म्हणून मिसिंग. आणि ती हवा बुस्टरमध्ये पसरली होती, म्हणून पॅडल दगड. ज्या भोकानं सिग्नलला इंजिन बंद पाडलं, त्याच भोकानं ब्रेकची मदत पळवली. मधल्या काळात कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आम्ही फक्त चोरीचा आवाज दाबला होता.

“साहेब, बुस्टर गेला,” मिस्त्री म्हणाले. “डायफ्रॅम फाटलाय. नवीन टाकायला लागेल.”

या गाडीचा नवीन बुस्टर मिळणं म्हणजे आधी चौकशी, मग वाट, मग हजारांतलं बिल. मी मान डोलावणार तोच खुर्चीतून आवाज आला. “पाय लावलेला नसतानाही इंजिन थरथरतंय ना?”

“हो.”

“मग पडदा फाटला असेल तर तो पाय लावल्यावर फुसफुसेल. पाय नाही तेव्हा दोन्ही बाजूंना पोकळीच आहे म्हणालात ना काल? तिथे हवा येणार कुठून?”

मिस्त्रींनी पकड खाली ठेवली. मीही थोडा वेळ गप्प राहिलो, कारण बुस्टर कसा चालतो हे गार्डसाहेबांना मीच सांगितलं होतं आणि त्याचा उपयोग मात्र त्यांनी केला होता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फाटलेल्या पडद्याची खूण म्हणजे ब्रेक दाबला की आत पायापाशी लांबलेला फुस्स आवाज, आणि त्याच क्षणी इंजिन दबणं. पॅडल दाबताना क्षणभर हलकी फुसफुस येते ती चालते, ती आत शिरणारी हवा. पण आमच्या गाडीत आत काहीच ऐकू येत नव्हतं. जे होतं ते बॉनेटखाली, सतत.

गार्डसाहेब उठले. व्हॅक्यूमच्या गाड्यांत गळती शोधायची तर रेकच्या कडेनं कान देत चालावं लागे, असं सांगत त्यांनी रबरी नळीचा एक तुकडा मागून घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं पाईपवरून फिरवत नेलं. मॅनिफोल्डपासून व्हॉल्व्हपर्यंत, व्हॉल्व्हपासून पुढे. “आमच्याकडे काय व्हायचं,” ते एका डोळ्यानं बघत म्हणाले, “सगळी गाडी शोधून व्हायची आणि दोष निघायचा शेवटच्या डब्यात. तिथला होज पाईप पुढे कशाला जोडायचाच नसतो ना, तो डमीवर चढवायचा. कोणी नीट चढवला नसला की अख्ख्या गाडीत व्हॅक्यूम तयार होत नाही. ड्रायव्हर पुढे बोंबलतोय, मधले सगळे आपापलं बघतायत. शेवटी आहे कोण? गार्ड.”

नळी बुस्टरपाशी जाऊन थांबली. “इथे.”

तिथे एक स्टीलची क्लिप होती, पाईप बुस्टरच्या नळीवर आवळणारी. वरून पाईप काळाभोर, तुकतुकीत, कुठेही चिरलेला नाही. मिस्त्रींनी क्लिप ढिली केली. खाली, इंजिनच्या उष्णतेनं कडक झालेल्या रबरात बोटभर लांबीची चीर होती, आणि ती अशा बाजूला की बघायला आरसा लागावा. पकड बसली होती तिच्या अलीकडे, म्हणून पकड आवळली की चीर बाजूला पडायची आणि दोष थेट बुस्टरवर जायचा. पॅड, लायनर, किट, सगळी मंडळी निर्दोष होती. त्यांना मी आता परत तर करू शकत नव्हतो.

तात्पुरता इलाज म्हणून चिरलेला तेवढा तुकडा कापून पाईप पुढे सरकवून बसवला. दुपारी दुकानातून नवा आणला. दुकानदार आधी साधा पाण्याचा पाईप दाखवत होता, मिस्त्रींनी तो दोन बोटांत दाबून परत दिला. ओढ लागली की असा पाईप आतून चपटा होतो आणि मग पुन्हा तीच कथा, फक्त आता चीर न दिसणारी. व्हॅक्यूमचा पाईप जाड भिंतीचा लागतो. कार्बोरेटरचा पिळलेला स्क्रू मागे घेतला. पॅडल असं काही मऊ झालं की पहिल्या वळणावर माझं नाक स्टिअरिंगला लागता लागता राहिलं.

पुढच्या रविवारी माळशेज घाटातून जुन्नरला गेलो. गार्डसाहेब पुढच्या सीटवर. चढताना त्यांनी उंचीची चौकशी केली, आणि उंचीवर पोकळी कमी पडते हे त्यांनी स्वतःच काढलं. बुस्टरमध्ये ढकलणारी हवा बाहेरचीच असते. बाहेरच हवा विरळ झाली की ढकलणारं कोण? महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी. लेहला तर एक तृतीयांश हवा गायब. तिथे ब्रेक जड वाटला तर त्यात गाडीचा दोष नाही, हिमालयाचा आहे.

उतरताना मात्र त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे नाही, डाव्या हाताकडे लक्ष ठेवलं. आपल्याकडे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायची एक परंपरा आहे. माझे एक काका खंबाटकीच्या माथ्यावर चावी फिरवायचे आणि खाली येईपर्यंत वाचलेल्या पेट्रोलचा हिशोब मोठ्यानं सांगायचे. त्यांची फियाट जुनी, चारी चाकांना ड्रम आणि बुस्टर नाहीच, त्यामुळे त्यांच्या पायाला इंजिन चालू आहे की बंद याचा फरक पडत नव्हता. बुस्टरच्या गाडीत तोच काटकसरीपणा केला तर शिल्लक दोन-तीन ब्रेकची. चौथ्या वळणावर दगड. उलट गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटल बंद असतो, इंजिन जोरानं ओढतं आणि पोकळी सगळ्यात दाट होते. घाट उतरताना इंजिन एका हातानं गाडी मागे धरतं आणि दुसऱ्यानं ब्रेकला मदत करतं, आणि आपण त्याच वेळी त्याला घरी पाठवतो. हे मी गार्डसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “घाटात इंजिन बंद करणाऱ्याला आमच्याकडे लगेच मेमो मिळायचा.”

त्यांचं समाधान मात्र झालेलं नव्हतं. गार्डच्या डब्यात एक गेज असायचा, आणि इंजिनाकडे त्रेपन्न सेंटीमीटर, गार्डच्या डब्यात सत्तेचाळीस असल्याशिवाय गाडी सुटायची नाही. गेज नसलेल्या गाडीत ते किती दिवस बसणार? शेवटी मिस्त्रींनी कुठून तरी एक व्हॅक्यूम गेज पैदा केला आणि मॅनिफोल्डला जोडला. काटा अठरा इंचांवर स्थिर. मिस्त्री खूश, चांगल्या इंजिनला अठरा ते बावीस चालतं.

गार्डसाहेबांनी पेपरच्या कडेला गुणाकार केला. “अठरा गुणिले दोन पॉइंट चौपन्न. पंचेचाळीस पॉइंट बहात्तर. कमी आहे.”

“साहेब, ही झेन आहे,” मिस्त्री म्हणाले. “पॅसेंजर नाही.”

“पॅसेंजर बसणार ना तिच्यात?”

मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला, टायमिंग जरासं पुढे घेतलं, बोल्ट आवळला. काटा सावकाश एकोणिसावर गेला. गार्डसाहेबांनी पुन्हा गुणाकार केला, अठ्ठेचाळीस पॉइंट सव्वीस, आणि पेपरची घडी घातली.

“आता सोडा. आणि साखळी कधी बसवताय?”